नागपुरात दुकान, गोडाऊन, ऑफिसवर काय टाकावं: स्लॅब, पत्रा की पफ पॅनल?

छत कोणतं टाकू असं विचारणारा जवळपास प्रत्येक जण पहिले स्क्वेअर फुटाचा भाव विचारतो, आणि माझ्या मते गडबड तिथूनच सुरू होते. भाव नंतर. आधी हे ठरवा की छताखाली माणसं बसणार की माल राहणार, आणि माणसं बसणार असतील तर किती वाजेपर्यंत. बाकी शहरांत हा प्रश्न थोडा मागे ठेवला तरी चालतो, नागपुरात नाही चालत, कारण इथे नवतपा आहे, मे अखेरचे ते नऊ तापते दिवस. २३ मे २०१३ ला आपल्याकडे ४७.९ नोंदलं गेलं होतं (२०२४ च्या मे मध्ये ५६ चा आकडा व्हॉट्सअॅपवर फिरला तो सेन्सरचा घोळ होता, तो सोडा), आणि हे सावलीतलं तापमान, उन्हातला पत्रा ६५ च्या वर सहज जातो. त्यात जून लागला की वर्षाच्या हजार मिलिमीटरच्या वरच्या पावसातला बहुतेक पाऊस चार महिन्यांत, आणि मध्येच फेब्रुवारी-मार्चात गारपीट. म्हणजे छताला इथे तिन्ही मार खायचे आहेत.

आता वेळेचा मुद्दा, कारण हा कोणी सांगतच नाही. स्लॅब सकाळी हळूहळू तापतो, दुपारी आत त्यामानाने बरं वाटतं, पण दिवसभर शोषलेली गर्मी तो संध्याकाळी खाली सोडतो आणि रात्री नऊ-दहा पर्यंत सोडतच राहतो. पत्र्याचं उलटं. अकरा वाजता आत भट्टी, पण सूर्य बुडाला की अर्ध्या-पाऊण तासात पत्रा थंड. म्हणून सहाला बंद होणारं ऑफिस असेल तर स्लॅब ठीक आहे, पण सेंट्रल एव्हेन्यूवरचं शोरूम, ज्याची खरी गिऱ्हाइकी उन्हाळ्यात संध्याकाळी सातनंतर असते, त्याच्या वरच्या मजल्याला उघडा स्लॅब सगळ्यात महागात पडतो, कारण नेमकी गर्दी असताना स्लॅब वरून तापवतोय आणि एसी खालून झगडतोय. लोकांना वाटतं सिमेंटचा स्लॅब जाड म्हणजे गर्मी अडवतो. अडवत नाही, फक्त उशिरा देतो. आकड्यात पाहायचं तर दीडशे एमएम उघड्या स्लॅबची यू व्हॅल्यू ३ च्या वर येते आणि ५० एमएम पफ पॅनलची ०.४ च्या आसपास, यू व्हॅल्यू जितकी कमी तितकी गर्मी कमी आत येते.

पत्रा

सध्या वाडी, गोंडखैरी, बुटीबोरी, हिंगणा एमआयडीसी, आणि समृद्धी सुरू झाल्यापासून शिवमडक्याच्या बाजूला, जिकडे पाहाल तिकडे पीईबी शेड, म्हणजे कारखान्यात तयार करून आणलेल्या स्टीलच्या सांगाड्याचे शेड, उभे होऊन राहिले. लवकर होतं, मधात खांब येत नाहीत, उद्या जागा बदलली तर बरंचसं खोलून नेता येतं. त्यावर जो पत्रा लागतो त्याला आपण अजूनही टीनच म्हणतो पण तो जुना टीन राहिलेला नाही. आता बहुतेक ठिकाणी गॅल्व्हल्यूम, म्हणजे स्टीलवर ५५ टक्के अॅल्युमिनियम आणि बाकी बहुतेक जस्त असा थर, त्यावर रंग. जुन्या नुसत्या जस्ताच्या जीआय पत्र्यापेक्षा हा जास्त टिकतो, त्यामुळे गोडाऊनला जीआय घ्यायचं मला तरी आता कारण दिसत नाही.

पण घेताना दोन गोष्टींत फसवणूक होते. एक जाडी. दुकानदार म्हणतो ०.५०, तुम्ही खुश. ती ०.५० कसली ते विचारा. रंग आणि कोटिंग धरून असेल तर आतलं स्टील ०.४२-०.४३ च्या आसपासच निघतं, आणि दुसऱ्याने दिलेल्या कोटेशनमध्ये ०.५० म्हणजे नुसतं स्टील असेल तर दोघांच्या भावाची तुलनाच होऊ शकत नाही, तरी लोक करतात आणि स्वस्तवाला जिंकतो. कोटेशनवर बीएमटी (नुसतं स्टील) की टीसीटी (कोटिंग-रंग धरून) हे लिहून घ्या, आणि माल उतरताना मायक्रोमीटर लावून पाहा, हजार-दीड हजारात बरा मिळतो. दुसरं कोटिंग, एझेड १५० म्हणजे दोन्ही बाजू मिळून स्क्वेअर मीटरला १५० ग्रॅम, एझेड ७० पण त्याच रंगात त्याच चमकेत मिळतो आणि डोळ्याने फरक कळत नाही, म्हणून मिलचं टेस्ट सर्टिफिकेट मागायचं.

रंगाचं तर काय सांगावं. नागपुरात अर्धे शेड गडद निळे, का तर बाजूवाल्याचा निळा आहे. निळा पत्रा उन्हाचा बराच भाग पिऊन घेतो, ऑफ व्हाइट पत्रा त्याच पैशात त्यातला मोठा भाग परत फेकतो. एक रुपया जास्त न देता मिळणारा हा एकच फायदा आहे आणि तोच लोक सोडतात. निळा हवाच असेल तर भिंतीच्या क्लॅडिंगला लावा, समोरून तेच दिसतं, छत कोण पाहायला जातं, माकडं सोडली तर!

आता स्क्रू. पत्र्याचं छत गळतं ते पत्र्यातून नाही, स्क्रूच्या भोकातून. स्क्रूखाली रबरचं वॉशर असतं, ते ईपीडीएमचं असेल तर बरीच वर्षं जातं, साधं काळं रबर असेल तर आपल्या दोन-तीन उन्हाळ्यांत कडक होऊन त्याला चिरा पडतात आणि मग पहिल्याच सरीत थेंब. शिवाय पत्रा रोज हलतो. हिशोब सोपा आहे, ३० मीटर लांब पत्रा, डिसेंबरातल्या पहाटे १० अंश आणि मे मधल्या दुपारी ६५, म्हणजे ५५ अंशाचा फरक, त्यात तो पत्रा जवळपास दोन सेंटिमीटर लांबतो. स्क्रू तर पर्लिनमध्ये, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या पट्टीत, घट्ट बसलेला. मग भोकच ओरबाडून मोठं होतं. अजून एक, स्क्रू मारताना लोखंडाचा जो बारीक बुरादा निघतो तो त्याच दिवशी झाडून काढला नाही तर पहिल्या पावसानंतर पांढऱ्या पत्र्यावर सगळीकडे गंजाचे ठिपके दिसतात आणि मालक म्हणतो पत्रा डुप्लिकेट निघाला. पत्रा चांगला असतो, झाडू मारला नसतो. ग्रायंडरने पत्रा कापणाऱ्यालाही वेळीच थांबवा, ठिणग्यांनी रंग जळतो, निब्लर किंवा कातर वापरायला लावा.

ह्या स्क्रूच्या भानगडीवरच उपाय म्हणून मोठ्या शेडवर आता स्टँडिंग सीम चालू झालंय. पत्र्याच्या कडा उभ्या करून मशिनने साइटवरच एकमेकांत दुमडतात, खाली क्लिप असते, वरून स्क्रूचं भोक नाही, आणि पत्रा क्लिपवर पुढे-मागे सरकू शकतो म्हणून लांबण्याचा त्रास संपतो. साध्या पत्र्यापेक्षा महाग आहे, मशीन आणि टीम यावी लागते म्हणून दोन-तीन हजार फुटाच्या कामाला कोणी येत नाही. पण वीस हजार फुटाच्या वर असेल, आणि त्यात पुढे सोलर लावायचा विचार असेल, तर मी डोळे मिटून हेच म्हणेन, कारण सोलरचे क्लॅम्प त्या उभ्या शिवणीला पकडतात आणि छताला एकही भोक पाडावं लागत नाही.

पफ पॅनल

आधी हे फक्त कोल्ड स्टोरेजला दिसायचं, संत्र्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये वगैरे. आता साध्या शेडवर, शोरूमवर, लॉनच्या एसी हॉलवर, अगदी अभ्यासिकांच्या गच्चीवरसुद्धा पफ पॅनल टाकून राहिले. दोन पत्रे आणि मधात पॉलियुरेथेनचा फोम, छताला बहुतेक ३० ते ५० एमएम, फोमची डेन्सिटी घनमीटरला ४० किलोच्या आसपास. वजन ५० एमएमचं साधारण दहा-अकरा किलो स्क्वेअर मीटरला, म्हणजे जुन्या स्लॅबवर वरचा मजला काढायचा असेल तर हे वजनाला फार सोयीचं. पावसाचा आवाजही कमी. साध्या पत्र्याखाली जुलैत फोनवर बोलता येत नाही, क्लास घेणाऱ्याला हे लगेच कळेल.

एसी लावणार असाल तर साधा पत्रा आणि फॉल्स सीलिंग ह्यापेक्षा पफ पॅनल मला जास्त पटतं. फॉल्स सीलिंगच्या वर गरम हवा कोंडते, उंदीर होतात, गळती झाली तर कुठून हे शोधायला महिना जातो.

पण एक गोष्ट नीट ऐका. पफ फोम जळतो. दोन पत्र्यांच्या मधात आहे म्हणून सुरक्षित असं कोणी सांगेल तर त्याला विचारा उघड्या कडेला आणि वायर नेण्यासाठी पाडलेल्या भोकाला काय करणार. लोक जमतात अशी जागा असेल, म्हणजे हॉल, क्लास, हॉस्पिटल, तर पीआयआर घ्या, तो आगीत पफपेक्षा बरा, किंवा सरळ रॉकवूलचं पॅनल, ते जळत नाही पण जड आणि महाग. आणि इन्शुरन्सवाल्याला आधी विचारा, काम झाल्यावर नाही, कारण छताचा प्रकार पाहून प्रीमियम आणि अटी बदलू शकतात.

आणि कूलरवाल्यांसाठी वेगळा मुद्दा. आपल्याकडे अर्धे शेड डक्टिंग कूलरवर चालतात आणि मे मधल्या कोरड्या हवेत कूलरसारखं काही नाही. पण कूलरला आत येणारी हवा बाहेर जायला रस्ता पाहिजे. पफ पॅनलने घट्ट बंद केलेल्या शेडमध्ये कूलर लावला आणि एक्झॉस्ट दिला नाही तर आत दमट होतं, कागद, कापड, पुठ्ठा ओलसर लागतो, माणसं चिडचिड करतात. म्हणजे कूलरच वापरायचा आहे, माल साधा आहे, तर हलक्या रंगाचा पत्रा, खाली ग्लासवूल किंवा एअर बबल फॉइल, वर टर्बो व्हेंटिलेटर, एवढ्यात काम भागतं आणि पफचे पैसे वाचतात. नुसते टर्बो लावून शेड थंड होईल ही अपेक्षा मात्र नको, तो गरम हवा काढतो, पत्र्यातून डोक्यावर येणारी झळ तो काढत नाही.

धान्य, डाळ, कापूस असा माल असेल तर नुसत्या पत्र्याचा आणखी एक त्रास आहे, घाम. हिवाळ्यात रात्री पत्रा बाहेरच्या हवेपेक्षाही थंड होतो, आतली ओली हवा त्याला लागून पाणी होतं आणि पहाटे पोत्यांवर टपकतं. मालक गळती शोधत बसतो, पाऊस तर दोन महिने झाले नाही! कळमन्याच्या बाजूला गोडाऊन बांधत असाल तर पत्र्याखाली इन्सुलेशन हे गर्मीसाठी नाही तर ह्यासाठी तरी टाकाच.

स्लॅब असेल तर त्यावर काय

सीताबर्डी, धंतोली, सदर, इतवारी, इथे स्लॅबच आहे आणि स्लॅबच राहणार, वर मजला चढवायची शक्यता असते, टाकी, एसीचे आउटडोअर, जनरेटर सगळं वर ठेवायचं असतं, आणि ते पत्र्यावर ठेवता येत नाही. प्रश्न वॉटरप्रूफिंगचा.

जुना मार्ग विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि वर चायना मोझॅक. मला हा आजही आवडतो, पांढऱ्या टाइलचे तुकडे ऊन परत फेकतात, वर चालता येतं, नीट केला तर पंचवीस वर्षांचे कोबे इतवारीत आजही पाहायला मिळतात. पण वजन पाहा, साडेचार इंच कोबा म्हणजे १०० स्क्वेअर फुटाला जवळपास दोन टन. नव्या इमारतीत इंजिनिअरने ते धरलेलं असतं. जुन्या इमारतीत जुना कोबा न काढता त्यावरच नवीन टाकणारे मिस्त्री आहेत, त्यांना गेटवरूनच परत पाठवा. आणि कोबा गळायला लागला की पाणी आत कुठून शिरलं आणि बाहेर कुठे आलं ह्याचा काही संबंध नसतो, पूर्ण विटा पाणी पिऊन बसतात.

एपीपी मेम्ब्रेन, म्हणजे ते काळं रोल जे गॅसच्या टॉर्चने चिकटवतात, ३ किंवा ४ एमएम. पाणी छान अडवतं, पण उघडं ठेवलं तर आपलं ऊन त्याला खातं आणि काळं असल्यामुळे स्लॅब अजून तापतो. टाकायचंच तर वर खनिज दाण्यांचा थर असलेलं घ्या किंवा वरून स्क्रीड (सिमेंट-वाळूचा थर) आणि टाइल करा. जोड चार इंच एकावर एक यायला पाहिजेत आणि पॅरापेटवर फूटभर चढवलेलं पाहिजे, तिथे कंजुषी करतात आणि तिथेच उचकटतं.

ब्रशने किंवा रोलरने लावायचं पीयू (पॉलियुरेथेन) कोटिंग सध्या सगळ्यात जास्त चालतं, जोड नाही, वजन नाही, आउटडोअर युनिटच्या पायांभोवती, पाइपांभोवती नीट बसतं. ह्यात सगळा खेळ खालची जागा कोरडी आणि साफ असण्यावर आहे. ओल्या स्लॅबवर लावलं की उन्हात आतली वाफ वर येते आणि फुगे येतात. म्हणून हे काम फेब्रुवारी ते मे मध्ये, जून उजाडल्यावर घाईत नाही. गंमत म्हणजे सगळ्यांना आठवण जूनमध्येच येते.

मोठ्या सपाट छतांसाठी टीपीओ आणि पीव्हीसीच्या पांढऱ्या शीट आल्या आहेत, अमेरिकेत कमर्शियल छतांवर टीपीओ फार चालतं. १.२ किंवा १.५ एमएम जाड, जोड गरम हवेने वेल्ड होतात, पांढऱ्या असल्याने कूल रूफही झालं. वस्तू चांगली आहे. पण सगळं त्या वेल्डिंग करणाऱ्या माणसाच्या हातात आहे, आणि पाच वर्षांनी एसीवाल्याने वर पाना पाडून भोक केलं तर ते दुरुस्त करायला तोच माणूस नागपुरात सापडणार का हे आधी पाहा. मॉल, मोठं हॉस्पिटल, मिहानमधलं मोठं काम असेल तर विचार करा, दोन हजार फुटाच्या दुकानाला हा शौक कशाला.

आणि पांढरा कूल रूफ पेंट. ह्याबद्दल सध्या खूप बोललं जातं, तेलंगणाने तर २०२३ मध्ये कूल रूफची वेगळी पॉलिसीच आणली, आणि २०१७ च्या ईसीबीसीमध्येही, म्हणजे इमारतींच्या ऊर्जाबचतीच्या नियमावलीत, कमी उताराच्या कूल रूफला सुरुवातीचा सोलर रिफ्लेक्टन्स (ऊन परत फेकण्याचं प्रमाण) किमान ०.६० पाहिजे असं आहे. खर्चाच्या मानाने फायदा ह्याच्याइतका कशातच नाही, स्लॅब असो की जुना पत्रा, दोन्हीला लागतो, पत्र्याला आधी प्रायमर. पण हा रंग आहे, वॉटरप्रूफिंग नाही, डब्यावर दोन्ही लिहिलेलं असलं तरी भेगा आधी भरा. आणि धूळ. कोराडी-खापरखेड्याच्या बाजूला वीज केंद्रांची राख, बाकी ठिकाणी रस्त्याची धूळ, वर्षभरात पांढरं छत मळकट होतं आणि परावर्तन घसरतं, म्हणून दर मार्चमध्ये एकदा धुवून घ्यायचं. तेवढंही बजेट नसेल तर चुना मारा, एप्रिलमध्ये मारलेला चुना मे काढून देतो, पावसात वाहून जातो, पुढच्या वर्षी परत.

सिमेंटच्या पत्र्याबद्दल दोनच वाक्यं. बहुतेकांत अॅस्बेस्टॉस असतं, भारतात अजून विकतात पण कॅन्सरकारक आहे हे पक्कं आहे, शिवाय गारपिटीत फुटतो आणि वर चढलेला माणूस त्यातून खाली पडतो. जुना काढत असाल तर कापू-फोडू नका, पाणी मारून ओला करून अख्खा उतरवा, तोंडाला साधा रुमाल नाही, नीट मास्क.

सोलर आणि पाणी

सोलरला एका किलोवॅटला साधारण १०० स्क्वेअर फूट जागा धरा आणि स्क्वेअर मीटरला १५-२० किलो वजन. पीएम सूर्यघरची सबसिडी घरगुती ग्राहकांना आहे, दुकान-फॅक्टरीला नाही, कोणी त्या नावाने गळाला लावत असेल तर सावध. शेडचं डिझाइन होतानाच इंजिनिअरला सोलरचं वजन सांगून ठेवा, नंतर पर्लिन बदलत बसणं फार खर्चिक. वाराही धरायचा, इमारतींवरच्या भाराचं भारतीय मानक आयएस ८७५ प्रमाणे नागपूरचा बेसिक विंड स्पीड ४४ मीटर प्रति सेकंद आहे, आणि मे मधलं वावधन पहिले कोपरे आणि कडा उचलतं, तिथे स्क्रू जवळ-जवळ पाहिजेत.

पाण्याचं गणित कोणी करत नाही म्हणून करून दाखवतो. दहा हजार स्क्वेअर फूट छत म्हणजे ९२९ स्क्वेअर मीटर. तासाला १०० मिलिमीटर पाऊस पडला तर एका तासात जवळपास ९३ हजार लिटर पाणी तुमच्या पन्हाळीत. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पडला होता आणि अंबाझरी तलावाचं पाणी कुठवर आलं ते सगळ्यांनी पाहिलं. दोन शेड जोडून मधात पन्हाळ ठेवलेली असेल तर तीच सगळ्यात कमजोर जागा, तिथे डाऊनटेक पाइप (पाणी खाली नेणारे) दोन जास्त द्या, आणि तुंबलं तर पाणी आत न येता बाहेर पडेल असं एक ओव्हरफ्लोचं तोंड ठेवा. जमलं तर मधली पन्हाळच टाळा, उतार दोन्ही बाहेरच्या बाजूंना काढा.

मग कोणी काय घ्यावं, माझं मत: वाडीत साधं ट्रान्सपोर्ट गोडाऊन, हलक्या रंगाचा गॅल्व्हल्यूम एझेड १५०, बबल फॉइल, टर्बो, बस. डाळ मिल किंवा धान्य, तेच पण ग्लासवूल जाड. एसी शोरूम किंवा क्लास वरच्या मजल्यावर, जुना स्लॅब असेल तर आधी भेगा, मग पीयू, मग पांढरा टॉपकोट, आणि नवीन मजला काढत असाल तर पीआयआर पॅनल. रात्री उशिरापर्यंत चालणारं हॉटेल किंवा लॉनचा हॉल स्लॅबखाली असेल तर स्लॅबच्या वर इन्सुलेशन टाकल्याशिवाय एसीचं टनेज ठरवू नका. मोठी फॅक्टरी आणि सोलर, स्टँडिंग सीम.

कोटेशन घेताना वॉरंटीच्या कागदावर तीन गोष्टी पाहायच्या: वॉरंटी मालाची आहे की गळतीची (मालवाला रंगाची देतो, गळतीची सहसा देत नाही, ती लावणाऱ्याकडून वेगळी लिहून घ्यावी लागते), साचलेल्या पाण्यामुळे झालेलं नुकसान वगळलंय का, आणि दुसऱ्या कोणी छतावर चढून काम केलं तर वॉरंटी जाते का, कारण एसीवाला, केबलवाला, सोलरवाला कोणी ना कोणी चढणारच. स्लॅबचं काम असेल तर शेवटचा हप्ता पाणी साठवून ४८ तासांची टेस्ट झाल्यावरच द्या. आणि पत्र्याचं असेल तर पहिला जोरदार पाऊस होऊन जाईपर्यंत थोडे पैसे हातात ठेवा, कॉन्ट्रॅक्टर कुरकुर करेल, करू द्या.